सहा कोंबड्यांपायी गावात अडकलोय. अडकलोय की काय, तेच विचारायचं आहे

परसातला (धागाकर्ता), ७ जुलै

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी मे महिन्यात आई गेली. चिपळूणपासून तासाभरावर आमची वाडी. दिवसकार्य झालं, बहिणी आपापल्या घरी गेल्या, बायको आणि लेक ठाण्याला परतल्या. आईची लुगडी बहिणींनी वाटून घेतली, तांब्याचा हंडा थोरलीनं नेला. म्हैस आधीच विकलेली. राहिल्या सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. तेराव्याला पडवीत त्यांच्यावर चर्चा झाली. धाकट्या मेव्हण्यांचं मत, आजच निकाल लावू, माणसं जमलीच आहेत. शेजारची काकी म्हणाली, माझ्याच बारा आहेत, तुझ्या आल्या तर रोज मारामाऱ्या. मी म्हटलं, आठवडाभर थांबतो, गिऱ्हाईक बघतो आणि येतो.

त्याला आता चौदा महिने झाले.

मी ५७ वर्षांचा. स्वेच्छानिवृत्ती घेऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत ठाण्यात मी काय केलं, असं कुणी विचारलं तर सकाळी पेपर वाचला आणि दुपारी तोच परत वाचला, एवढंच सांगता येईल.

सगळे गेले त्या पहिल्या संध्याकाळी खुराड्याचं दार लावायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. सकाळी बघतो तर पडवीच्या पायरीपासून गडग्यापर्यंत पिसं. मुंगसानं तांबडी नेली. आई जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते आणि तिच्या सहातली एक मी घालवून बसलो. तिच्या दिवसांत माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. त्या सकाळी खराटा हातात घेऊन पिसं गोळा करताना आलं.

त्यानंतर एकही संध्याकाळ चुकवलेली नाही. आई दिवेलागणीला खुराड्यात हात घालून कोंबड्या मोजायची. अंधारात, एकेकीच्या पाठीवर बोटं टेकवत. तिला मोतीबिंदू होता तेव्हाही मोजणी चुकायची नाही. मी टॉर्च मारून मोजतो आणि तरी दोनदा मोजतो. आता कोंबडा धरून चौदा आहेत.

बायको फोनवर विचारते, "तुम्ही नक्की काय करताय तिथं?" मला सांगता येत नाही. अंड्यांचे महिन्याला सातआठशे सुटतात, ते काही उत्तर नव्हे. चिपळूणला गेलो तर चारची एसटी पकडावीच लागते. लग्नाला गेलो की पहिल्या पंगतीला बसून पळतो. लोक हसतात. पण दिवस मावळायच्या आत घरी पोचायची अशी ओढ मला शेवटची कधी होती, आठवत नाही.

हा वेडेपणा आहे, पळपुटेपणा आहे, की आणखी काही? इथं कुणी कोंबड्या पाळल्या आहेत का? त्यातून काय मिळालं? (पैसे सोडून.)

---

ठसकेबाज

पैसे सोडून म्हणाल तर वडे-सागोती मिळाली. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

---

खडीसाखर

पहिला धागा आहे हे खरं वाटत नाही. लिहीत राहा.

एक प्रश्न: नावं काय ठेवलीत सगळ्यांची?

---

परसातला

@खडीसाखर, नावं नाहीत. तांबडी, काळी, कवडी, बांडी, बोडक्या मानेची, एवढ्यावर भागतं. आई म्हणायची, नाव ठेवलं की कापवत नाही.

---

ओवी_सांगे

बोटांनी मोजण्याशी येऊन थांबले.

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. घरात जमीन आजोबांच्या नावावर, बैल आजोबांचे, डेअरीचं दुधाचं बिल आजोबांच्या हातात. कोंबड्या तेवढ्या आजीच्या. त्यात कुणी बोलायचं नाही, अगदी आजोबासुद्धा. अंडी बाजारात नेणारी बाई आठवड्याला यायची, पैसे आजीच्या कनवटीला जायचे आणि तिथून थेट मडक्यांच्या उतरंडीत, तळातल्या दुसऱ्या मडक्यात. माझ्या आईच्या मॅट्रिकच्या परीक्षेची फी त्या मडक्यातून भरली गेली. पोरीच्या फीसाठी आजोबा पैसे काढणार नव्हते. आजीनंही मागितले नाहीत.

गरीब शेजारणीला ती कोंबडी वाट्यानं द्यायची. कोंबडी आजीची, सांभाळायची शेजारणीनं, पिल्लं निम्मी-निम्मी. शेजारणीचं खुराडं त्यातून उभं राहिलं की आपली कोंबडी परत. आता बचत गटाच्या सभेत साहेब लोक जे फळ्यावर लिहून समजावतात, ते हेच.

आणि आजी भांडली की म्हणायची, "जाते मी माझ्या कोंबड्या घेऊन." दागिने नाही, जमीन नाही, कोंबड्या. लहानपणी हसायचो आम्ही. आता वाटतं, घरातली तेवढीच वस्तू 'माझी' म्हणून सोबत नेता येण्यासारखी होती.

---

मिरगाचा_पाऊस

वरच्या प्रतिसादाला +१००. आमच्याकडेही अंड्यांच्या पैशाचा हिशेब पुरुषांनी विचारायची पद्धत नव्हती.

---

भरडा

सगळं छान चाललंय म्हणून मध्ये पडायचं जिवावर येतंय. तरी पडतो.

माझी पाच हजार पक्ष्यांची ब्रॉयलर शेड आहे, करारावर. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, भुसा आणि झोपमोड माझी. चाळीस-बेचाळीस दिवसांत पक्षी दोन किलोच्या वर गेला की गाडी येते, रात्रीच उचलते, किलोमागे ठरलेला दर हातावर. पुढच्या लॉटपर्यंत शेड धुवायची, चुना मारायचा, वाट बघायची.

मागच्या एप्रिलात दुपारी दोनला लाइट गेली. जनरेटर सुरू होईना. पत्र्यावर पोती टाकून पाणी मारलं, पंप बंद म्हणून बादलीनं. बायको, मी आणि दहावीतला पोरगा. चार वाजेपर्यंत तीनशेवर पक्षी गेले. उन्हात तडफडताना कोंबडी चोच उघडून, पंख फाकवून बघत राहते तुमच्याकडे. त्या दिवशी मला कसला अर्थबिर्थ सापडला नाही. खड्डा खणायला जागा सापडली.

चौदा कोंबड्या हा छंद आहे, धागाकर्ते. चांगला आहे, करा. पण कोंबडीपालन आयुष्य शिकवतं वगैरे वाचलं की माझ्या पोटात ढवळतं. माझ्या शेडमध्ये कोंबडी म्हणजे दर.

---

ठसकेबाज

@भरडा, यावर विनोद सुचत नाही. जनरेटर दुरुस्त झाला का?

---

भरडा

झाला. नवीन घेतला. हप्ता चालू आहे.

---

नवापूरकर

भरडा यांचं म्हणणं खोटं नाही. पण दुसरी बाजूही बघितली आहे म्हणून लिहितो.

फेब्रुवारी २००६. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आमच्या नवापुरात सापडला. वडील एका शेडवर कामाला होते, मी अकरावीत. पांढरे पोशाख, गॉगल, मास्क घातलेली माणसं गाड्या भरून आली. टीव्हीवाल्यांच्या छत्र्या आल्या. लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरले. शेडचं काय ते कागदोपत्री झालं. पण नंतर गल्लीगल्लीतून घरच्या कोंबड्याही गोळा केल्या. आमच्या मागच्या दारी नऊ होत्या. आईनं त्या मुकाट पिशवीत घातल्या. भरपाईचे पैसे मिळाले, नाही असं नाही.

वडील रोज हजारो पक्षी हाताळत होते. शेड रिकामी झाली तेव्हा नोकरीची काळजी सोडून ते काही बोलले नाहीत. मागच्या दारचं खुराडं रिकामं झालं तेव्हा मात्र दोन दिवस नीट जेवले नाहीत. माणूस तोच, कोंबडीही तीच. एवढंच सांगायचं होतं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. आताही नीट मांडता येत नाही.

---

खडीसाखर

थोडं हलकं करते.

आम्ही पुण्याच्या कडेला बंगलीत राहतो, शेजारी सोसायटी. लेकीच्या हट्टापायी चार कोंबड्या आणल्या. त्यातली एक कोंबडा निघाली. पहाटे पावणेपाचला आरवायचा, आणि आठवडाभरात समोरच्या काकांची चिठ्ठी आली: "आपला कोंबडा रोज मला उठवतो, आपणास ठाऊक आहे काय?" सासूबाईंनी खाली पेन्सिलनं लिहून परत पाठवली: "आपणच का, आम्हीही उठतो." हसून हसून पुरेवाट.

मग रात्री त्याला डालग्याखाली झाकायला सुरुवात केली, वर गोधडी. म्हणीचा पडताळा रोज घेतला. कोंबडा झाकला तरी चारशे फुटांवर उजाडतंच.

---

घारीचा_डोळा

@खडीसाखर, तुमचा पडताळा जपान्यांनीही घेतला आहे. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडे दिवसरात्र सारख्याच मंद उजेडात ठेवून पाहिले. तरी त्यांचं आरवणं साधारण चोवीस तासांच्या ठेक्यातच राहिलं. घड्याळ आतलं असतं. हे २०१३ चं. नंतर त्यांनीच दाखवलं की कळपात आधी मानानं मोठा कोंबडा आरवतो, बाकीचे मानाप्रमाणे मागून. म्हणजे आपल्याकडच्या सभेतल्या भाषणांसारखंच.

मानापानावरून आठवलं. कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार याची उतरंड असते, हे पहिल्यांदा नीट मांडणारा माणूस नॉर्वेचा, शेल्डेरुप-एब्बे. लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा, कोण कुणाला टोचतं त्याच्या नोंदी वहीत. १९२१ च्या सुमारास त्यातूनच प्रबंध झाला. आज 'पेकिंग ऑर्डर' हा शब्द ऑफिसात ज्याच्या त्याच्या तोंडी असतो तो त्या पोराच्या वहीतून आला.

परसातला, तुम्हीही वही करा. गंमत नाही करत. नुसतं बघत बसणं हे बिनकामाचं काम आहे असं आपल्याला शिकवलेलं असतं.

---

टेम्सकाठचा

इंग्लंडहून हजेरी. घरामागे चार कोंबड्या आहेत. इथं १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद लागते. त्यामुळे माझ्या चौघी कागदोपत्री आहेत. मला स्वतःला इथं कागदावर यायला सात वर्षं लागली होती.

खरी गंमत पुढे. आई भारतातून आली. दुसऱ्याच दिवशी शिळी पोळी कुस्करून, वर आमटीचा भात कालवून घेऊन निघाली अंगणात, "आ आ आ" करत. मी धावत जाऊन अडवलं. इथं स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालणं बेकायदा आहे. घरच्या कोंबड्यांनासुद्धा. आईला पटेना. "अरे मग पाळायच्या कशाला?" पोळी फेकायला लागू नये म्हणून कोंबडी पाळतात, हा तिचा साधा हिशेब.

आईचे तीन महिने त्या कोंबड्यांवर गेले. आम्ही दोघं कामाला, मुलं शाळेत, बाहेर पाऊस, भाषा येत नाही. आल्यावर विचारायचो, दिवस कसा गेला? तर इतिवृत्त मिळायचं: पांढरीनं साडेदहाला अंडं घातलं, जाडी आज रुसली आहे, कुंपणावर कोल्हा येऊन बसला होता, त्याला झाडू दाखवला. कोल्ह्याला मराठीत घातलेल्या शिव्या शेजारच्या गोऱ्या आजींनी ऐकल्या आणि तिथून दोघींची मैत्री झाली. आई परत गेल्यावरही त्या आजी विचारतात, "झाडूवाली कधी येणार?"

---

शाकाहारी_वाघ

सगळ्यांचं वाचतोय. कुणी विचारत नाही म्हणून मी विचारतो. जिच्यात तुम्हाला आयुष्याचा अर्थ सापडतो तिला तुम्ही खाता का? पहिल्या प्रतिसादापासून सागोती आहेच.

---

ठसकेबाज

आला वाघ.

---

परसातला

@शाकाहारी_वाघ, प्रश्न रास्त आहे.

आई स्वतः वाढवलेली कोंबडी खायची नाही. रांधायची, आम्हाला वाढायची, स्वतः आमसुलाचं सार आणि भात. कुणी विचारलं तर "मला उष्ण पडतं" म्हणायची. बाजारातली आणली तर पडत नसे.

मी अजून घरची कापलेली नाही. कापणारच नाही, असा पण केलेला नाही. जास्तीचे कोंबडे विकतो, ते पुढं कुठं जातात ते मला माहीत आहे. विकून हात झटकले म्हणजे मी चांगला, असं काही नाही.

आणि एक आहे. आईचा तो जुना कोंबडा वाडीच्या राखणीला, म्हणजे राखणदार देवाला बळी द्यायला, बोललेला होता. माझ्या आजारपणात तिनं बोललेला, तीन वर्षांपूर्वी. मला माहीतच नव्हतं, काकीनं सांगितलं. तोपर्यंत तो माझ्या मागे मागे विहिरीपर्यंत यायला लागला होता.

दिला.

---

गावकुसाबाहेर

राखणीचं वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही ते लपवलं नाही. शहरात बसून जनावरावर माया करणं सोपं असतं. गावात माया आणि सुरी एकाच घरात असते. वाघसाहेबांचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही, पण "मग खाता कशाला" याला उत्तर असलंच पाहिजे असंही वाटत नाही.

---

शाकाहारी_वाघ

मी भांडायला आलो होतो. आमसुलाच्या साराशी अडलो. नंतर येतो.

---

कंटाळलेला_जीव

विरुद्ध अनुभव नोंदवून ठेवतो, नाहीतर नवशिके हा धागा वाचून धावत सुटतील.

करोनात नोकरी गेली, म्हटलं गावाकडे काहीतरी करू. गिरिराज जातीच्या पंचवीस कोंबड्या आणल्या. दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलेल्या गोष्टी: वास. माशा. पाण्याच्या भांड्यात उभं राहून त्याच पाण्यात शिटणं. वांग्याच्या रोपांचा सत्यानाश. खाद्याच्या पोत्याला उंदीर, उंदरामागे धामण, धामणीमागे माझी आई काठी घेऊन. शांती वगैरे काही मिळाली नाही. विकल्या त्या दिवशी शांत झोपलो.

कोंबडी ज्याला लागते त्याला लागते. मला नाही लागली.

---

मिरगाचा_पाऊस

@कंटाळलेला_जीव, पोत्याऐवजी पत्र्याचा डबा वापरायचा हो.

अवांतर: माझी एक कोंबडी खुडूक झाली आहे. रिकाम्या जागेवर बसून असते, हात लावला की फुगते. अंडी खाली ठेवायची नाहीत, पावसाळा आहे. काय करावं? सासूबाई म्हणतात नाकात पीस खोवा.

---

परसातला

नाकात पीस नको, फार चिडते बिचारी. दोनतीन दिवस तिची जागा बंद करा, तळाला हवा लागेल अशा जाळीच्या खोक्यात उजेडात ठेवा. माझी तरी त्यावर उठली.

आई कोंबडी रवणीला (अंडी उबवायला) बसवायची तेव्हा अंड्यांवर कोळशानं रेघ मारायची, म्हणजे दुसरीनं नंतर येऊन घातलेलं अंडं ओळखू यावं. टोपलीत भाताचा पेंढा, त्यात एक लोखंडी खिळा, गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. एकवीस दिवस. विसाव्या रात्री अंडं कानाला लावून ऐकायला द्यायची आम्हाला. आत टकटक.

खिळ्याचं मला शास्त्र माहीत नाही. मीही ठेवतो.

---

पशुवैद्य_निवृत्त

खिळ्यानं अपाय नाही. ठेवा.

आता कामाचं. इतका मोठा धागा झाला आणि लसीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. परसातला, तुमच्या चौदा पक्ष्यांना मानमोडीची लस दिली आहे का? बहुतेक नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत. कुमाऊँमधल्या राणीखेतला आपल्याकडे पहिल्यांदा नोंदला गेला म्हणून हे नाव. टेम्सकाठच्यांच्या देशात तोच रोग १९२६ मध्ये न्यूकॅसलला सापडला म्हणून तिकडे न्यूकॅसल. मान पिरगळते, हिरवट हगवण लागते, पंख-पाय लुळे पडतात. वाडीत शिरला की आठवड्यात खुराडी रिकामी. उपचार नाही, फक्त लस.

पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. आठ आठवड्यांच्या पुढे आर-टू-बी लस, पंखाखालच्या कातडीत टोचायची. टोचायच्या आठवडाभर आधी एकदा जंताचं औषध द्या. लस बर्फातच न्यायची, थर्मास चालतो. आजारी पक्ष्याला टोचायची नाही. टोचल्यावर थोडे दिवस अंडी कमी पडतील, घाबरू नका.

खरी अडचण वेगळी आहे. लसीची कुपी लहानात लहान घेतली तरी साधारण शंभर पक्ष्यांची असते. एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. चौदा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून परसातल्या कोंबड्या बिनलशीच्या राहतात. उपाय एकच: सगळ्या वाडीच्या कोंबड्या एकाच संध्याकाळी. खुराड्यात गेल्यावर अंधारात कोंबडीला दिसत नाही, गुपचूप हाती लागते. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन विचारा. आणि तुमच्या एकट्याच्या चौदा वाचवून उपयोग नाही, काकींच्या बारांना झाली की तुमच्याकडे आलीच.

---

परसातला

डॉक्टर, नाही दिलेली. आई देत होती की नाही तेही माहीत नाही. उद्याच काकींशी बोलतो.

---

भरडा

@पशुवैद्य_निवृत्त, हे खरं बोललात. आमच्या शेडच्या आजूबाजूच्या घरच्या कोंबड्यांना लस नसते म्हणून आम्ही धास्तावलेले असतो. आणि त्या घरांत जाऊन आम्ही कधी सांगितलेलं नाही. नुसती चिडचिड केली.

---

ठसकेबाज

धागा आठवडाभर शांत. परसातला हरवले. मुंगूस?

---

परसातला, ११ सप्टेंबर

मंडळी, उशीर झाला. पाऊस, मग रेंज नाही, मग गणपती.

काकींना विचारलं तर म्हणाल्या, मी एकटी नाही टोचून घ्यायची, सगळ्यांनी घेतली तर. म्हणून घरोघर फिरलो. वाडीत अकरा घरं उघडी आहेत, बाकी कुलपं. मी वर्षाहून जास्त इथं राहतोय आणि यातल्या पाच घरांची पायरी चढलो नव्हतो. एका घरी म्हातारी एकटीच, तीन कोंबड्या. लेक मुंबईला आहे, फोन करतो, म्हणाली. लसीचं तिला नीट कळलं नाही, पण "तुज्या आवशीनं दिलेल्या तलंगंचीच पिल्लावळ हाय ही" म्हणाली. मला तेव्हा कळलं की आईच्या कोंबड्या माझ्या खुराड्यात संपत नाहीत. त्या वाडीभर आहेत. वाट्यानं दिलेल्या. ओवीताई, तुमच्या आजीसारखंच.

मोजणी लागली ८९. दवाखान्यातून एक ड्रेसर (डॉक्टरांचा मदतनीस) आला, मोटारसायकलवर, थर्मास गळ्यात. मी धरायचो, तो टोचायचा. टॉर्च काकींची नात धरायची. साडेसातला सुरू केलं ते नऊच्या आत उरकलं. शेवटच्या घरी जायचं की नाही ठरत नव्हतं. बांधावरून त्यांचं आणि वडिलांचं वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं नाही, वडील जाऊनही बारा वर्षं झाली. कुपी कालवलेली, घड्याळ चाललेलं. आम्ही पाणंदीत उभे, तर तेच समोरून आले, डालग्यात चार कोंबड्या घेऊन. काही बोलले नाहीत. डालगं खाली ठेवलं, टोचून झाल्यावर उचललं, चालू पडले. पुढं काही नाही, अजूनही बोलत नाहीत. पण गणपतीत त्यांच्याकडून काकडी आली, नातवाच्या हातून.

माझ्या हातावर ओरखडेच ओरखडे आहेत. @घारीचा_डोळा, वही केली आहे. पहिल्या पानावर अकरा घरं आणि कुणाकडे किती.

गणपतीला बायको आणि लेक आल्या. दुसऱ्या संध्याकाळी मी आरतीच्या गडबडीत, तर खुराडं लावायला बायको गेली. मी सांगितलं नव्हतं. बाहेरून हाक आली, "अहो, तेराच लागतायत!" टॉर्च तिच्याकडे नव्हती. वाकून, हात घालून मोजत होती. अर्धा तास शोधलं, ताम्हनं तशीच. कवडी स्कूटरच्या सीटवर रेनकोटखाली झोपली होती.

परवा त्या ठाण्याला गेल्या. काल फोन आला. काय करताय ते विचारलं नाही. "चौदा आहेत ना?" म्हणाली.

---

खडीसाखर

कवडीला रेनकोट घेऊन द्या हो.

---

शाकाहारी_वाघ

वाचलं. भांडण नंतर कधीतरी.

---

नवापूरकर

८९ वाचून बरं वाटलं.

---

पशुवैद्य_निवृत्त

उत्तम. देवीची लस राहिली आहे. पाऊस गेला की डास वाढतील, त्याआधी उरकून घ्या. आणि ओरखड्यांना डेटॉल लावा, स्वतःच्या.

---

ठसकेबाज

मी पुढच्या महिन्यात चिपळूणला येतोय. सागोतीचं विचारत नाही. अंडी मिळतील का?

---

परसातला

मिळतील. चारच्या आत या.